बदामाखालचा कोपरा

ओब्दुलिया,

हे पत्र तुला पोचणार नाही, एवढं मला कळतं. पण काल नेरेइदा नळावर कोणाला तरी डोळे पुसत सांगत होती, "आमची ओब्दुलिया म्हणजे सोन्यासारखं माणूस हो!" ते ऐकलं आणि माझं डोकं उठलं. म्हणून लिहिते. तुला सगळं माहीत आहे, तरी पहिल्यापासून सांगणार. कॉलेजात इतिहास शिकवण्यात जन्म गेला, मधूनच सुरुवात करणं मला जमत नाही.

तू सोन्यासारखी वगैरे नव्हतीस. हट्टी होतीस, बडबडी होतीस, आणि कोणी चार शब्द गोड बोललं की पाघळायचीस. त्या पाघळण्यानेच तुझा घात केला.

तू वेराक्रूझला आलीस ती रविवारच्या गाडीने. डोंगरातल्या गावांतून अजूनही त्या गाड्या तशाच येतात. रात्रभर घाट उतरायचा, पहाटे समुद्र बघायचा, संध्याकाळी परत. माणसं घरून मक्याच्या पानातल्या तामालेंची पातेली आणतात, अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात शिरतात, आणि आपले शहरी लोक त्यांना बघून दात काढतात. त्यांतलीच एक तू, परकरातली पोर. बापाचा हात धरून वाळूतून चालत होतीस. झावळ्यांच्या शेडखालून एक बाई गोड आवाजात म्हणाली, "या ना पाहुणे, बसा की. खुर्ची फुकट आहे." तुझा बाप बसला. पाणी प्याला. दोन माशांकडे नुसतं बोट दाखवलं, ते तळून समोर आले. उठायच्या वेळी त्या बाईने जो आकडा सांगितला, तो ऐकून तो म्हणाला, "पण खुर्ची फुकट म्हणालात ना?"

"खुर्ची फुकटच आहे," ती म्हणाली. "सावलीचे पैसे झाले."

ती बाई म्हणजे नेरेइदाची आई. बापाकडे तेवढे नव्हते. तिने तुझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "पोरीला ठेव. भांडी घासेल. पुढच्या रविवारी पैसे आण आणि घेऊन जा." पुढच्या रविवारी गाडी आली, बाप आला नाही. त्याने ड्रायव्हरबरोबर निरोप पाठवला होता: तिथे दोन वेळचं मिळतंय तर राहू दे तिला. हे तू मला हसत हसत सांगितलं होतंस. मी हसले नव्हते, तर तू म्हणालीस, "अहो बाई, हसा की! माशाच्या एका ताटलीत गेले मी. तेही माशाला काटे फार होते."

मोठी झालीस, त्या शेडमधून बाहेर पडलीस, आणि आमच्या लाकडी घरांच्या आवारात मागची खोली घेतलीस. नेरेइदाही तिथेच राहायची. आईची शेड आता ती चालवायची. आणि तू काय धंदा काढलास, तर त्याच रविवारच्या गाड्या जिथे थांबतात त्या कोपऱ्यावरच्या बदामाखाली उभं राहायचं, आणि उतरणाऱ्या माणसांना त्या शेडपासून लांब न्यायचं.

पिवळा घागरा आणि लाल फितीची गवती टोपी. डोंगरातल्या गावागावांत सांगायचे, "उतरलात की बदामाखाली पिवळ्या घागऱ्यातली ओब्दुलियामावशी शोधा. तिचा हात सोडू नका." आणि तू काही प्रेमाने वागवायचीस असंही नाही. ढोरं हाकावीत तशी हाकायचीस.

"आधी सगळ्यांनी मोकळं व्हायचं! देवळामागे जागा आहे, पाद्रीबाबा काही म्हणत नाहीत. पुढे प्रत्येक ठिकाणी पैसे मोजाल!"

"मावशी, समुद्र कुठंय?"

"कुठे पळून जात नाही तो. आधी पोट." मग मासळीबाजाराच्या पाठीमागे, जिथे हमाल खातात तिथे. जाड भाकरीवर तिखट चटणी आणि चीज. दोघांत एक घ्यायची, कारण पहिल्या दिवशी समुद्र बघून कोणाला फारसं जेवण जात नाही. टॅक्सी नाही, शहराची बस. होडीत बसून किल्ल्यावर जायचं नाही, धक्क्यावर उभं राहिलं की तोच किल्ला फुकट दिसतो. "आत काय आहे, मावशी?" "भिंती आणि ओल. तुमच्या घरी नाही का?" पाण्यात शिरताना पोरांच्या कमरेला दोरी. खुर्चीवर कोणी बसायचं नाही, म्हातारीसुद्धा नाही. वाळू थोडी आहे का बसायला? आणि शेवटी कॉफी. आपल्याकडे दुधासाठी वेटरला हाक मारत नाहीत, चमच्याने ग्लास वाजवतात. तू चौघांत एक कॉफी घ्यायचीस आणि चौघांनाही एकेकदा ग्लास वाजवायला द्यायचीस. वेटर तुला बघून स्वयंपाकघरात लपायचे. निघताना घरी राहिलेल्या म्हाताऱ्यांसाठी बाटलीत समुद्राचं पाणी. खुशीने जे देतील ते घ्यायचीस. त्यावर तुझं पोट चालायचं, तेवढंच.

नेरेइदाची शेड रविवारी अर्धी रिकामी राहायला लागली. ती सरळ भांडली असती तर बरं झालं असतं. पण आपल्या शहरात सरळ भांडणं गावंढळपणाचं समजतात. इथे गंमत करतात.

आपल्या आवारात दरवर्षी डिसेंबरात सरत्या वर्षाचा म्हातारा करतात. जुन्या कपड्यांत भुस्सा आणि फटाके भरून बाहुला. आठवडाभर तो फाटकाशी खुर्चीवर बसतो, मग डबे वाजवत त्याची मिरवणूक, त्याच्या नावाने चेष्टेचं मृत्युपत्र, आणि मग जाळायचा. त्याला घालायला प्रत्येक बिऱ्हाडातून एक तरी कपडा मागून नेतात. आवारातलं असण्याची ती खूण आहे. तुझ्याकडे मात्र इतक्या वर्षांत कोणी कधी मागितला नव्हता. तू डोंगरी. भाडं भरलंस, नळावर रांग लावलीस, पण बाहेरचीच.

त्या वर्षी नेरेइदा तुझ्या दारात आली. मी समोरच्या पायरीवर पेपर वाचत होते, सगळं ऐकलं.

"ओब्दुलिया, राणी, काही देतेस का गं म्हाताऱ्याला?"

तुझा चेहरा मला अजून दिसतो. आनंदाने फुलला होता. "मी? माझ्याकडून?"

"म्हणजे काय! आवारातलीच ना तू? तो घागरा दे. आणि टोपी."

"घागरा तर रोजचा आहे गं..."

"असू दे बाई. जड होत असेल तर राहू दे. दुसऱ्या कोणाकडे मागते."

"नाही नाही! घे! घे ना!"

ती गेल्यावर मी तुला म्हणाले, "ओब्दुलिया, जाऊन परत आण. त्या बाईने आजवर तुला फुकट पाणी पाजलं नाही, ती तुला राणी म्हणते?" तू म्हणालीस, "बाई, तुम्हाला ना सगळ्यात वाईटच दिसतं." आणि खोलीत गाणं गुणगुणत राहिलीस.

दुसऱ्या दिवशी फाटकाशी खुर्चीवर बसलेली तूच होतीस. पिवळा घागरा, लाल फितीची टोपी, हातात समुद्राच्या पाण्याची बाटली, आणि गळ्यात पुठ्ठा: फुकट मावशी. सगळं आवार जमलं. तुझ्या तोंडाकडे बघत होते सगळे, तू आता काय करतेस म्हणून. तू हसलीस. टाळ्यासुद्धा वाजवल्यास. नेरेइदाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालीस, "नाक मात्र माझं नाही हं, हे फार सरळ आहे." तुला वाटलं, चेष्टा करतात म्हणजे आपलं मानतात. त्यात अगदी चूक नव्हतं, आपण आपल्या माणसांची चेष्टा करतोच. पण किती करायची आणि कुठे थांबायचं, हे ज्याने त्याने ओळखायचं असतं. तुला ते कधी आलंच नाही.

जाळायचं असतं मध्यरात्री. त्या वर्षी उत्तरेचा वारा सुटणार अशी बातमी होती, म्हणून संध्याकाळीच उरकलं. नेरेइदाने स्टुलावर चढून मृत्युपत्र वाचलं. खणखणीत आवाज, मानलं पाहिजे:

"टोपी दिली वाऱ्याला, घागरा दिला निखाऱ्याला,
बदामाखालचा कोपरा माझा विल्फ्रिदो बिचाऱ्याला!"

विल्फ्रिदो म्हणजे तिचा धाकटा भाऊ, शेडमधला बिनकामाचा. तो पुढे येऊन वाकला, लोकांनी शिट्ट्या मारल्या, आणि बाहुला पेटला. पोटातले फटाके फुटले तेव्हा तू माझ्या शेजारी दचकलीस. मग नेरेइदाजवळ जाऊन हळूच विचारलंस, "कोपऱ्याचं पण गमतीतच ना गं?"

ती तुझ्या पलीकडे बघत म्हणाली, "विल्फ्रिदो, कोणी बोललं का रे? मेलेल्या माणसाला मृत्युपत्र मोडता येत नाही म्हणावं."

लोक पोट धरून हसले. आणि ती गंमत दुसऱ्या दिवशी संपली नाही. नळावर तू "सरका जरा" म्हणालीस तर बायका एकमेकींना विचारायच्या, "आवाज आला का गं?" "छे, वारा." दुकानात तू पैसे ठेवायचीस, तर दुकानदार नाणं उचलून म्हणायचा, "अरेच्चा, हे कुठून आलं?" ब्रेड मात्र द्यायचा नाही. एकाने तुझ्या दारात मेणबत्ती लावून ठेवली. मी नेरेइदाला जाऊन सांगितलं, "पुरे झालं आता." ती मासे साफ करत होती, मान वर न करता म्हणाली, "बाई, तुम्हा शिकलेल्यांना गंमत कळत नाही. ती स्वतःच हसते की."

तू खरंच हसायचीस. माझा सगळ्यात जास्त संताप त्याचाच व्हायचा.

जानेवारीतल्या पहिल्या रविवारी वाऱ्याने घाट अडला होता. तू बदामाखाली विटक्या निळ्या घागऱ्यात दुपारपर्यंत उभी राहून परतलीस. गाडी त्यानंतर आली, आणि नेमकी तुझ्याच गावाची, तेपेत्लापाची. माणसं उतरून पिवळा घागरा शोधायला लागली. विल्फ्रिदो पुढे झाला. "ओब्दुलिया? ती जळाली की. एकतीस तारखेला. आम्ही सगळ्यांनी बघितलं." हे त्याने संध्याकाळी आवारात साभिनय सांगितलं. पुरुषांनी टोप्या कशा काढल्या, एक म्हातारी रस्त्यातच गुडघ्यावर कशी बसली. "आणि मग?" कोणी विचारलं. "मग काय! रडत होते ना सगळे, म्हणून म्हटलं, या, बसा. खुर्ची फुकट आहे."

हे हसू ओसरल्यावर तरी कोणाच्या डोक्यात यायला हवं होतं, की ही माणसं परत डोंगरात जाणार, आणि ती जे ऐकतात ते खरं धरतात. तिथे माणसाच्या मरणाची चेष्टा करत नाहीत. कोणाच्या डोक्यात आलं नाही.

तुझा कोपरा गेला. विल्फ्रिदो तिथे खुर्ची टाकून बसायला लागला, नवीन टोपी घालून. ड्रायव्हरही त्याच्याकडे माणसं सोडायला लागले, कारण त्यांना शेडमध्ये जेवण मिळायचं. समोरच्या फुटपाथवर, उन्हात, तू उभी. पण पिवळा घागरा नाही, टोपी नाही. तुला ओळखणार कोण? फेब्रुवारी लागला तेव्हा तू सुकटीची पिशवी बांधलीस आणि मधल्याच वारी एका मालट्रकने बहिणीकडे निघालीस. म्हणालीस, "थोडे दिवस एउफ्रोसिनाकडे राहते. आईच्या घरात माझी खोली आहेच. गंमत विटली की येते."

तिसऱ्या दिवशी परत. पिशवी तशीच. माझ्या पायरीवर बसलीस आणि म्हणालीस, "बाई, मी तिकडेपण मेलेय."

एउफ्रोसिनाने दार उघडलं, तुला बघितलं, आणि मटकन खाली बसली. मग उठली ती थेट ओरडतच.

"नऊ दिवस अख्खं गाव जेवलं! नऊ दिवस माळ जपली! टर्की कापली मी तुझ्यासाठी!"

"अगं पण मी जिवंत आहे. बरं नाही का वाटलं तुला?"

"बरं? आता तोंड कुठे लपवू मी? सरपंचाने खुर्च्या दिल्या, बँडवाले फुकट वाजवून गेले! म्हणतील, एउफ्रोसिनाने खोटी मयत करून गाव लुटलं. तुला आधी कळवता येत नव्हतं?"

"काय कळवायचं?"

"मेली नाहीस म्हणून!"

तुझी खोली भाच्याला दिली होती, त्याची बायको पोटुशी होती. बहिणीने तुला दार लावून स्वयंपाकघरात जेवू घातलं. सुकट घेतली नाही, शेजारणीला वास गेला तर काय सांगू म्हणाली. दुपारी माणसं शेतात असताना तुला मागच्या पायवाटेने काढून दिलं. ती वाट स्मशानावरून जाते. तिथे आईच्या शेजारी तुझा क्रूस होता.

"निळा रंग दिलाय, बाई," तू म्हणालीस. "चांगलं तैलरंगाचं काम आहे. माझं नाव पण नीट लिहिलंय." आणि त्या दिवशी पहिल्यांदा तू हसली नाहीस. "तेवढा काढायला हवा. माणूस जिवंत असताना क्रूस उभा राहिला तर तो वाट बघतो म्हणतात. तुम्ही चला माझ्याबरोबर. तुम्ही बोललात तर ऐकतील ते."

मी म्हणाले, चल. उद्या म्हणालीस तर उद्या. पण मालट्रकवर मला चढवत नाही, तेपेत्लापाची गाडी रविवारीच परत जाते, आणि तू रविवारी शेवटची गाडी सुटेपर्यंत फुटपाथ सोडायला तयार नाहीस. "या रविवारी दोन गाड्या आहेत." "पुढच्या रविवारी ईस्टरचा पवित्र आठवडा, माणसं फार येतील." मी ओरडले, "येऊ देत की! तुझ्याकडे येतंय कोण?"

येत होते. तेच तर वाईट होतं. दुखवट्यात महिनाभर न आलेली तेपेत्लापाची माणसं तुला चेहऱ्याने ओळखायची; तुला फुटपाथवर बघून आधी पळाली. मग कोणीतरी धीर करून जवळ आलं. शेवटी त्यांनी आपापसात ठरवून टाकलं, की ओब्दुलियामावशी मेल्यावरसुद्धा आपल्या माणसांना सोडत नाही. आणि ती रस्ता ओलांडून तुझ्यामागे यायला लागली. एक म्हातारी तुझा हात धरून म्हणाली, "माझ्या रोमुआल्दोला सांग हं, बैल विकला नाही म्हणावं." तू म्हणालीस, "सांगते." मी तिथेच होते. तुला म्हणाले, "सरळ सांग ना, जिवंत आहेस म्हणून!" तू म्हणालीस, "सांगितलं की बाई. ते म्हणाले, पहिल्या वर्षी सगळ्यांना तसंच वाटतं."

देवळामागची जागा, हमालांची भाकरी, धक्क्यावरून किल्ला, चमच्याने ग्लास. सगळं तसंच दाखवायचीस. फरक एवढाच, की आता कोणी काही द्यायचं नाही. मेलेल्या माणसाला पैसे कशाला? निघताना तुझ्यापुढे मेणबत्ती ठेवायचे, किंवा झेंडूची दोन फुलं. तू मेणबत्त्या आणून मला द्यायचीस. वीज गेली की मी त्याच लावायचे. नेरेइदा फाटकातून बघायची आणि म्हणायची, "आत्ता कुठे खरी फुकट झाली." तू दिवसेंदिवस वाळताना तिला दिसत नव्हतीस असं नाही. मी जेवायला बोलवायचे तर तू अर्धं पान खाऊन उठायचीस. "पोट आटलंय, बाई. मेलेल्यांना भूक कमी." तुझा हा विनोद मला कधी आवडला नाही.

जहाजदुरुस्तीच्या वखारीवरच्या राखणदाराकडून तू एक पहार मागून आणलीस. क्रूस खोल गाडला असेल, नुसत्या हाताने निघणार नाही म्हणालीस. "घरात जागा नाही, तुमच्याकडे ठेवा. पाऊस लागायच्या आत जाऊन येऊ."

जुलैत तू गेलीस. रविवार होता. बदामाच्या सावलीत विल्फ्रिदो खुर्चीवर, समोर उन्हात तू. डोक्यावर टोपी नव्हती. खाली पडलीस तेव्हा गाडीतली माणसं उतरत होती. ती तुझ्याभोवती उभी राहिली आणि कोणीच हात लावला नाही. वाट बघत होती, तू उठशील म्हणून. मेलेलं माणूस पुन्हा कसं मरेल? विल्फ्रिदो खुर्चीवरून ओरडला, "नाटकं करतेय!" मी पोचले तेव्हा त्यांतली एक बाई तुला विचारत होती, "मावशी, समुद्र कुठल्या बाजूला?"

मी तेपेत्लापाच्या दुकानात फोन केला. एउफ्रोसिनाला बोलावून घेतलं. तिने आधी दुकानातल्यांना बाहेर जायला सांगितलं. मग म्हणाली, "बाई, आमची ओब्दुलिया जानेवारीतच गेली. सगळं रीतसर झालंय. आता पुन्हा गावापुढे पदर पसरता येणार नाही मला." फोन ठेवता ठेवता तिचा आवाज फुटला, ते मी ऐकलं. पण तिने फोन ठेवला.

मयतीला कॉफी नेरेइदाने दिली, मोठा हंडा भरून. सगळ्यांत मोठ्याने तीच रडली. खुर्च्याही तिच्याच शेडमधून आल्या. मी उभी राहिले.

तुला इथल्या स्मशानात पुरलं, भिंतीकडच्या ओळीत. गवंड्याने विचारलं, "क्रूस कधी लावायचा?" मी म्हणाले, आहे, डोंगरात आहे, आणायचा आहे. तो म्हणाला, "मग आणा लवकर, पावसात खूण राहणार नाही." त्यानंतर गाडी कितीदा गेली. आधी घाटात दरड, मग माझे गुडघे, आणि खरं सांगायचं तर त्या गाडीत बसायचं म्हणजे बदामाखालून चढावं लागतं, विल्फ्रिदोच्या खुर्चीसमोरून. राखणदार परवा पहार मागायला आला होता. मी म्हणाले, अजून काम व्हायचंय. ती दाराआड उभी आहे. खालच्या टोकाला गंज धरलाय.